युरोपात शहरांतर रेल्वेप्रवास: कोणत्या कंपनीची गाडी निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून स्वतःच आखणी करून युरोपच्या सहलीला जाणारी कुटुंबे वाढली आहेत आणि त्यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांत रेल्वेचा प्रश्न हमखास असतो. एकाच मार्गावर, एकाच दिवशी, दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या धावतात ही गोष्टच आपल्या सवयीची नाही. बहुतेक प्रश्न इटलीविषयी असल्यामुळे पुढील उत्तरांत इटलीला अधिक जागा दिली आहे; स्पेन, ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक यांच्यासाठी प्रश्न १७ आणि १८ पाहावेत.

१. एकाच रुळांवर दोन कंपन्यांच्या गाड्या कशा धावतात?

युरोपीय संघाच्या धोरणानुसार रूळ सांभाळणारी संस्था आणि गाड्या चालवणारी कंपनी यांचे काम वेगळे केलेले असते. इटलीत रूळ, सिग्नल आणि स्थानके यांची जबाबदारी आर.एफ.आय. या संस्थेकडे आहे, तर स्पेनमध्ये ती आदिफकडे आहे. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या या संस्थांना शुल्क देतात आणि वेळापत्रकात आपल्या गाड्यांसाठी जागा मिळवतात. रूळ सर्वांना सामाईक असल्यामुळे एखाद्या मार्गावर सिग्नल बिघडला, तर सर्वच कंपन्यांच्या गाड्या अडकतात. ‘अमुक कंपनीची गाडी कधी रखडत नाही’ असे कोणी ठामपणे सांगितले, तर हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

२. इटलीत कोणत्या दोन कंपन्यांमधून निवड करायची असते?

पहिली ट्रेनइटालिया. ही इटलीच्या सरकारी रेल्वे समूहातील कंपनी असून तिच्या अतिजलद गाड्यांपैकी प्रमुख गाडीचे नाव फ्रेच्चारोसा आहे. दुसरी इटालो. ही खासगी कंपनी असून तिची सेवा एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाली. दोन्ही कंपन्यांच्या मुख्य गाड्या अतिजलद मार्गावर ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग गाठतात आणि रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, मिलान, व्हेनिस व नेपल्स ही सहलीची प्रमुख शहरे दोघींच्याही मार्गांवर आहेत. रोम ते फ्लॉरेन्स सुमारे दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सुमारे दोन तास आणि रोम ते मिलान थेट गाडीने सुमारे तीन तास लागतात. प्रवासाच्या वेळेत दोन्ही कंपन्यांमध्ये लक्षात येण्याजोगा फरक नसतो. मूलभूत फरक असा की ट्रेनइटालियाकडे अतिजलद गाड्यांशिवाय इंटरसिटी आणि लहान गावांना जोडणाऱ्या प्रादेशिक गाड्याही आहेत, तर इटालो केवळ अतिजलद सेवा चालवते.

३. मग ट्रेनइटालिया की इटालो? एकच उत्तर सांगा.

एकच उत्तर देणे म्हणजे दिशाभूल करणे होईल, कारण प्रश्नच उलट्या क्रमाने विचारला जातो. आधी आपल्याला किती वाजता निघायचे आहे आणि कोणत्या स्थानकावर उतरायचे आहे हे ठरवावे. त्यानंतर त्या वेळेच्या आसपासच्या दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांत आपल्याला हवी ती बदलाची आणि परताव्याची सवलत कोणत्या तिकिटावर कमी पैशांत मिळते ते पाहावे. कंपनीचे नाव सर्वांत शेवटी येते. रोम–फ्लॉरेन्ससारख्या मार्गावर सकाळी नऊची गाडी एका कंपनीची स्वस्त असेल आणि साडेनऊची दुसरीची, पुढच्याच दिवशी हे उलटेही झालेले दिसेल. दर मागणीनुसार बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी कोणती गाडी घेतली हे जाणून फारसे काही हाती लागत नाही.

तरीही दोन प्रसंगी पारडे स्पष्टपणे झुकते. सहल मोठ्या शहरांपुरती असेल आणि गाड्यांच्या वेळा जुळत असतील, तर दोन्ही कंपन्या सारख्याच मानून स्वस्त ते घ्यावे. मात्र पुढे प्रादेशिक गाडीने लहान गावी जायचे असेल, तर शक्य तेथे संपूर्ण प्रवास ट्रेनइटालियाच्या एकाच तिकिटावर काढावा. त्याचे कारण प्रश्न १३ मध्ये आले आहे.

४. एकाच गाडीच्या एकाच डब्याची तीन वेगवेगळी भाडी दिसतात. स्वस्त तिकीट घेतले तर काय गमवावे लागते?

आसन तेच असते, गाडीही तीच असते. जे गमवावे लागते ते बेत बदलण्याचे स्वातंत्र्य. ट्रेनइटालियात बेस, इकॉनॉमी आणि सुपर इकॉनॉमी अशी चढत्या निर्बंधांची आणि साधारणपणे उतरत्या भाड्याची रचना आहे. बेस तिकीट गाडी सुटण्यापूर्वी कितीही वेळा बदलता येते आणि गाडी सुटल्यानंतरही एक तासाच्या आत एकदा बदलता येते. इकॉनॉमी तिकिटावर बदलाची मुभा मर्यादित असते आणि नव्या गाडीच्या भाड्यातील फरक भरावा लागतो. सुपर इकॉनॉमी तिकीट बदलता येत नाही आणि त्याचा परतावाही मिळत नाही. इटालोमध्ये फ्लेक्स, इकॉनॉमी आणि लो कॉस्ट अशी साधारण याच धर्तीची श्रेणी आहे. कोणत्या श्रेणीत नेमका किती भुर्दंड पडतो हे कंपन्या वेळोवेळी बदलत असल्यामुळे पैसे भरण्यापूर्वी त्या तिकिटाखालील अटी पूर्ण वाचाव्यात.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. भाड्याचा प्रकार वेगळा आणि डब्याचा वर्ग वेगळा. फ्रेच्चारोसामध्ये स्टँडर्ड, प्रीमियम, बिझनेस आणि एक्झिक्युटिव्ह असे वर्ग असतात. इटालोमध्ये स्मार्ट, प्रिमा आणि क्लब एक्झिक्युटिव्ह असतात. बिझनेसचे सुपर इकॉनॉमी तिकीट घेतले, तर आसन ऐसपैस मिळेल, पण गाडी चुकल्यास पैसे तितकेच बुडतील. दीड-दोन तासांच्या प्रवासासाठी स्टँडर्ड किंवा स्मार्ट पुरेसे आहे असे आमचे मत आहे. जास्तीचे पैसे खर्च करायचेच असतील, तर ते वर्गापेक्षा लवचीक तिकिटावर करावेत.

५. तिकिटे किती आधी काढावीत? व्हिसा हाती येण्यापूर्वी काढली तर चालतील का?

आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे आणि ६१व्या दिवशीचे तिकीट आपल्याला मिळत नाही. इटलीत असा एकच नियम नाही. प्रत्येक कंपनी वर्षातून काही वेळा पुढील काही महिन्यांची विक्री खुली करते आणि स्वस्त श्रेणीतील तिकिटे मोजकीच असल्यामुळे ती आधी संपतात. मात्र प्रतीक्षायादी किंवा आर.ए.सी. हा प्रकार तेथे नाही. तिकीट मिळाले म्हणजे आसन मिळाले, आणि गाडी भरली म्हणजे ती गाडी विसरावी.

शेंगेन व्हिसा हाती नसताना परतावा न मिळणारी तिकिटे काढू नयेत, असा आमचा सल्ला आहे. व्हिसा नाकारला गेला किंवा उशिरा मिळाला, तर त्या कारणासाठी रेल्वे कंपनी पैसे परत करण्यास बांधील नसते. प्रवासाच्या तारखा पक्क्या असून गर्दीचा काळ असेल, तर बदलता येणारे तिकीट घेऊन ठेवणे हा मधला मार्ग आहे. भाडे काहीसे अधिक पडते, पण पाच जणांच्या कुटुंबाची चार प्रवासांची तिकिटे वाया जाण्यापेक्षा ते परवडते.

६. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीत गेलो तर तेथे गर्दी असते का?

होय, आणि ती कोणत्या दिवशी असते हे आधी ठाऊक असेल तर बराच खर्च वाचतो. इटलीत २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या सार्वजनिक सुट्ट्या आहेत, म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीच्या ऐन काळातच तेथील लोकही बाहेर पडलेले असतात. या तारखा शनिवार-रविवारला लागून आल्या, तर आदल्या दिवशीच्या संध्याकाळच्या आणि परतीच्या रविवारच्या गाड्या टाळाव्यात. ईस्टरचा आठवडा इटली आणि स्पेन या दोन्ही देशांत गर्दीचा असतो. स्पेनमध्ये तो विशेषच. दिवाळीच्या सुमारास १ नोव्हेंबरची सुट्टी येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. तिकिटावर नेहमी स्थानिक वेळ असते. घरच्यांना दूरध्वनी करण्याची वेळ चुकली तर चालेल, गाडीची चुकू नये.

७. तिकिटावर ‘मिलान’ किंवा ‘रोम’ लिहिले की पुरे ना?

नाही, आणि सर्वाधिक मनस्ताप येथेच होतो. ठाण्याचे तिकीट काढून कोणी दिव्याला उतरत नाही, परंतु परदेशात नाव सारखे दिसले की लोक निश्चिंत होतात. रोममध्ये तेरमिनी हे मध्यवर्ती स्थानक आहे आणि तिबुर्तिना हे दुसरे मोठे स्थानक आहे. मिलानमध्ये चेंत्राले हे मुख्य स्थानक असून काही गाड्या रोगोरेदो किंवा पोर्ता गारिबाल्दी येथेही थांबतात. व्हेनिसमध्ये कालव्यांच्या काठी उतरायचे असेल, तर सांता लुचिया हे स्थानक हवे. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरील स्थानक आहे. मुक्काम मेस्त्रेच्या हॉटेलात असेल, तर मात्र मेस्त्रेच योग्य. नेपल्सला चेंत्राले स्थानक शहरात आहे आणि आफ्रागोला शहराबाहेर आहे. काही गाड्या केवळ आफ्रागोलाला थांबतात, आणि तेथून शहरात येण्यात वाचलेला वेळही जातो व पैसेही.

फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेल्ला हे स्थानक जुन्या शहराला लागून आहे. संकेतस्थळांवर शहरांची इटालियन नावे दिसू शकतात: फ्लॉरेन्सचे फिरेन्झे, व्हेनिसचे वेनेत्सिया, नेपल्सचे नापोली. भाड्याची तुलना करताना दोन्ही कंपन्यांचे स्थानक एकच आहे का, हे आधी पाहावे. स्वस्त गाडी दूरच्या स्थानकावर सोडत असेल, तर चार जणांच्या टॅक्सीचा खर्च त्यात मिळवावा.

८. दोन्ही कंपन्यांची भाडी एकाच ठिकाणी कोठे दिसतात आणि पैसे कसे भरावेत?

ट्रेनइटालियाचे संकेतस्थळ इटालोच्या गाड्या दाखवत नाही आणि इटालोचे ट्रेनइटालियाच्या दाखवत नाही. ट्रेनलाइन आणि ओमिओ यांसारखी मध्यस्थ संकेतस्थळे दोन्ही एकत्र दाखवतात, मात्र काही वेळा सेवाशुल्क आकारतात. तुलना मध्यस्थाकडे करावी आणि शक्यतो खरेदी थेट कंपनीकडे करावी. थेट खरेदी केल्यास बदल, परतावा आणि भरपाई यांसाठी एकाच ठिकाणी बोलावे लागते.

भारतीय बँकेचे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून घ्यावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते. व्यवहार नाकारला गेला, तर घाईने पुन्हा पैसे भरण्यापूर्वी खात्यातून रक्कम गेली आहे का ते तपासावे. प्रवासादरम्यान तेथूनच तिकीट काढण्याची शक्यता असेल, तर ओ.टी.पी. येणारा भारतीय क्रमांक रोमिंगवर चालू ठेवावा.

९. प्रत्येकाची एक मोठी आणि एक लहान बॅग आहे. सामानाचे वेगळे पैसे पडतात का?

इटलीतील या दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांत विमानासारखे सामान वजन करून जमा करावे लागत नाही; ते स्वतःच चढवावे, ठेवावे आणि उतरवावे लागते. डोक्यावरील फळीवर लहान बॅगा राहतात, मोठ्यांसाठी डब्यात ठरावीक जागा असते आणि ती आधी येणाऱ्यांच्या वाट्याला जाते. हमाल मिळेल असे गृहीत धरू नये. म्हणून पाच मोठ्या बॅगांपेक्षा स्वतःला उचलता येतील अशा मध्यम बॅगा बऱ्या. स्पेनमधील स्वस्त सेवांचे नियम याहून कडक आहेत. त्यासाठी प्रश्न १७ पाहावा.

१०. आईबाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. कोणत्या कंपनीची गाडी सोयीची पडेल?

या बाबतीत कंपनीपेक्षा स्थानकावरची मदत महत्त्वाची आहे. इटलीत साला ब्लू नावाची साहाय्यसेवा आर.एफ.आय. चालवते आणि चालण्याची अडचण असलेल्या प्रवाशांना गाडीपर्यंत नेणे, चाकांची खुर्ची देणे, चढण्या-उतरण्यास मदत करणे ही कामे ती करते. ती आधी नोंदवावी लागते. बोलोन्याला अतिजलद गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोलवर आहेत, त्यामुळे तेथे गाडी बदलायची असेल, तर सरकत्या जिन्यांसाठी आणि लिफ्टसाठी वेळ राखून ठेवावा. वडीलधारी मंडळी बरोबर असताना गाडी बदलण्यापेक्षा थोडी महाग असली तरी थेट गाडी घ्यावी.

११. मुलांचे तिकीट अर्धे असते का?

लहानग्यांसाठी नियम असा की ट्रेनइटालियात ४ वर्षांखालील आणि इटालोमध्ये ३ वर्षांखालील मूल स्वतंत्र आसन न घेता विनामूल्य प्रवास करते. त्यापुढील वयासाठी दोन्ही कंपन्या कौटुंबिक योजना देतात. ट्रेनइटालियाच्या योजनेत १५ वर्षांखालील मुले विनामूल्य जाऊ शकतात, पण सोबतच्या मोठ्यांना बेस म्हणजे पूर्ण भाडे भरावे लागते. त्यामुळे ‘मुले मोफत’ हे शब्द वाचून हिशेब थांबवू नये. दोघे मोठे आणि एक मूल असेल, तर तिघांची स्वस्त तिकिटे मिळून कमी रक्कम होण्याची शक्यता असते. दोघे मोठे आणि तीन मुले असतील, तर योजना बहुधा सरस ठरते आणि वर बदलाची मुभाही मिळते. दोन्ही प्रकारे बेरीज करून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

१२. गाडीत खायला मिळते का? घरचे नेलेले चालते का?

फ्रेच्चारोसामध्ये उपाहाराचा डबा असतो, तर इटालोमध्ये खाद्यपदार्थ आणि पेयांची यंत्रे असतात. शाकाहारी पर्याय बहुतेक चीज आणि पाव यांच्या आसपास फिरतात. स्वतःचे खाणे गाडीत खाण्यास आडकाठी नाही. दशम्या, तिळाची चटणी आणि गूळपोळी यांवर दोन तास सहज निघतात. जैन मंडळींनी तर हीच सोय धरून चालावे.

फ्रेच्चारोसाच्या काही डब्यांत शांतता पाळण्याचा विभाग असतो. कुटुंबासाठी आसने निवडताना तो टाळावा, हे सांगण्याची गरज आम्हाला अनुभवाअंती वाटू लागली आहे.

१३. गाडी चुकली, तर त्याच तिकिटावर दुसऱ्या कंपनीच्या पुढच्या गाडीत बसता येईल का?

कदापि नाही. ट्रेनइटालियाचे तिकीट इटालोच्या गाडीत आणि इटालोचे ट्रेनइटालियाच्या गाडीत चालत नाही. एवढेच नव्हे, तर त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीतही तिकीट बदलून न घेता बसता येत नाही, कारण अतिजलद गाडीचे तिकीट त्या गाडीपुरते आणि त्या आसनापुरते असते. तिकिटाच्या श्रेणीनुसार काय शक्य आहे ते प्रश्न ४ मध्ये दिले आहे.

खरी गुंतागुंत दोन गाड्या जोडलेल्या असतात तेव्हा होते. समजा, व्हेनिसहून एका कंपनीने फ्लॉरेन्सला आलात आणि तेथून दुसऱ्या कंपनीच्या गाडीचे स्वतंत्र तिकीट आहे. पहिली गाडी चाळीस मिनिटे रखडली आणि दुसरी चुकली, तर दुसऱ्या कंपनीचा त्यात काही दोष नसतो आणि पहिलीची जबाबदारी तिच्या तिकिटापुरती राहते. दोन्ही टप्पे एकाच व्यवहारात, एकाच संयुक्त तिकिटावर असतील, तर मात्र पुढच्या गाडीने पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. म्हणून गाडी बदलण्याच्या प्रवासात पाच-सात युरो वाचवण्यासाठी दोन कंपन्या जोडू नयेत. जोडायच्याच झाल्यास मध्ये किमान दीड तास ठेवावा. लोकल चुकली की पुढची पकडायची, ही आपली सवय येथे महागात पडते. गाडीची दारे सुटण्याच्या वेळेच्या दोन मिनिटे आधीही बंद होऊ शकतात, आणि रोम, मिलान व फ्लॉरेन्स येथील मुख्य स्थानकांत फलाटावर जाण्यापूर्वी तिकीट तपासणीची फाटके ओलांडावी लागतात.

१४. गाडीला उशीर झाला, तर पैसे परत मिळतात का?

होय. युरोपीय संघाच्या नियमानुसार (७ जून २०२३ पासून लागू असलेला नियम) गंतव्यस्थानी पोहोचण्यास ६० ते ११९ मिनिटे उशीर झाल्यास भाड्याच्या किमान २५ टक्के आणि १२० मिनिटे किंवा अधिक उशीर झाल्यास किमान ५० टक्के भरपाई मिळते. असाधारण हवामानासारख्या काही कारणांना यातून सूट आहे. ६० मिनिटे किंवा अधिक उशीर होणार हे आधीच स्पष्ट झाल्यास प्रवास रद्द करून परतावा घेण्याचा किंवा दुसऱ्या गाडीने जाण्याचा पर्यायही प्रवाशाला असतो. हे हक्क दोन्ही कंपन्यांना सारखेच लागू असल्यामुळे या मुद्द्यावर निवड करण्याचे कारण नाही. भरपाई कुपनाऐवजी रोख मागता येते. अर्ज भारतात परतल्यावरही ऑनलाइन करता येतो, फक्त तिकीट जपून ठेवावे.

१५. इटलीत रेल्वेचे संप फार होतात असे ऐकले आहे. खासगी कंपनी घेतली तर सुटका होते का?

पूर्णपणे नाही. संप एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा असेल, तर दुसरीच्या गाड्या धावतात, आणि अशा दिवशी स्पर्धेचा प्रवाशाला खरा लाभ होतो. परंतु रूळ व सिग्नल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा किंवा संपूर्ण वाहतूक क्षेत्राचा संप असेल, तर दोन्हीकडे फटका बसतो. दिलासा असा की इटलीच्या १९९०च्या कायद्यानुसार संपाची किमान १० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि दोन्ही कंपन्या संपाच्या दिवशीही नक्की धावणाऱ्या गाड्यांची यादी प्रसिद्ध करतात. ठाण्याहून निघण्याच्या आठवडाभर आधी आणि तेथे पोहोचल्यावर पुन्हा एकदा ही माहिती पाहावी. आपली गाडी रद्द झाली, तर परतावा न मिळणाऱ्या श्रेणीतील तिकिटाचेही पैसे परत मिळतात.

१६. कोठे निवडीचा प्रश्नच येत नाही?

अनेक ठिकाणी. पिसा, सिएना आणि चिंक्वे तेर्रे या भागांत फ्लॉरेन्सकडून जाण्यासाठी ट्रेनइटालियाच्या प्रादेशिक गाड्याच वापराव्या लागतात. त्यांचे भाडे स्थिर असते, आधी काढल्याने स्वस्त होत नाही. कागदी तिकीट गाडीत बसण्यापूर्वी स्थानकावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो आणि मोबाइलवरील तिकिटासाठी चेक-इन करावे लागते. हे विसरल्यास दंड होतो. नेपल्सहून पाँपेईला जाणारी चिर्कुमवेसुवियाना ही गाडी तर या दोन्ही कंपन्यांची नाही. मिलानच्या मालपेन्सा विमानतळावरून शहरात नेणारी एक्सप्रेस ट्रेनॉर्ड या तिसऱ्याच कंपनीची आहे. रोमच्या फियुमिचिनो विमानतळावरून तेरमिनीला ३२ मिनिटांत नेणारी लिओनार्दो एक्सप्रेस ट्रेनइटालियाची आहे.

मुंबईहून आलेले विमान उतरल्याच्या दिवशीच पुढची गाडी पकडायची असेल, तर स्वस्त आणि न बदलणारे तिकीट घेऊ नये. इमिग्रेशनच्या रांगेचा आणि बॅगांचा भरवसा धरता येत नाही.

१७. स्पेनमध्ये तर तीन-चार नावे दिसतात. त्यांत काय फरक आहे?

माद्रिद–बार्सिलोना या ६२१ किलोमीटरच्या मार्गावर सुमारे अडीच तासांत पोहोचवणाऱ्या गाड्या तीन कंपन्या चालवतात. सरकारी रेन्फेची मुख्य सेवा आवे आणि स्वस्त सेवा आव्लो; मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये रेन्फेने आव्लो या मार्गावरून काढून घेतली. फ्रान्सच्या सरकारी रेल्वेची विगो मे २०२१ मध्ये, तर इर्यो नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. इर्योमध्ये ट्रेनइटालियाचा वाटा असून तिच्या गाड्याही फ्रेच्चारोसाच्या कुळातील आहेत. विगोने सुरुवातीला ९ युरोंपासून तिकिटे विकली आणि या मार्गावरची भाडी खाली आली.

इटलीत दोन्ही कंपन्यांची सेवा जवळजवळ सारखी आहे, स्पेनमध्ये तसे नाही. विगो आणि आव्लो यांच्या मूळ भाड्यात लहान सामानच धरलेले असते. मोठी बॅग, आसनाची निवड यांचे वेगळे पैसे पडतात. पंधरा दिवसांच्या सहलीला निघालेल्या आपल्या कुटुंबाने हे सर्व मिळवून मगच आवे किंवा इर्योशी तुलना करावी. विगोच्या गाड्या दुमजली आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांसाठी खालचा मजला पाहावा. अतिजलद गाडीत बसण्यापूर्वी स्पेनमध्ये सामानाची क्ष-किरण तपासणी होते, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे. माद्रिदमध्ये आतोचा आणि चामार्तीन अशी दोन मोठी स्थानके आहेत. तिकिटावर कोणते आहे ते पाहावे.

१८. व्हिएन्ना, साल्झबर्ग आणि प्राग येथेही असाच पर्याय आहे का?

आहे. व्हिएन्ना–साल्झबर्ग मार्गावर सरकारी ओ.बी.बी. आणि २०११ पासून धावणारी खासगी वेस्टबान यांच्या गाड्या सुमारे अडीच तासांत पोहोचवतात. प्राग–व्हिएन्ना मार्गावर सरकारी कंपन्यांच्या रेलजेट गाड्यांबरोबर पिवळ्या रंगाची रेजिओजेट आहे. येथे इटलीपेक्षा वेगळा नियम लक्षात घ्यावा. ओ.बी.बी.चे साधे पूर्ण भाड्याचे तिकीट एका गाडीशी बांधलेले नसते आणि आसन आरक्षण वेगळे घ्यावे लागते. आरक्षण नसेल, तर उभे राहण्याची वेळ येऊ शकते. स्वस्त सवलतीचे तिकीट मात्र ठरलेल्या गाडीपुरतेच असते. जुलै-ऑगस्टमध्ये साल्झबर्गला संगीत महोत्सव असतो, तेव्हा आरक्षण न करता जाऊ नये.

१९. युरेल पास घेतला, तर कंपनी निवडण्याची कटकट संपेल का?

कटकट संपत नाही, निवड आधीच झालेली असते. युरेल पास, म्हणजे अनेक युरोपीय देशांच्या गाड्यांत चालणारा एकत्रित पास, ट्रेनइटालिया आणि रेन्फेच्या गाड्यांवर चालतो, परंतु इटालो, विगो स्पेन आणि इर्यो यांवर चालत नाही. शिवाय फ्रेच्चारोसा आणि आवे यांसाठी पासधारकालाही आसन आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात. दहा दिवसांत तीन-चार मोठे प्रवास असतील आणि तारखा पक्क्या असतील, तर प्रत्येक प्रवासाची वेगळी तिकिटे बहुतेक वेळा स्वस्त पडतात. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनी असा जवळजवळ रोजचा रेल्वेप्रवास असेल, तर पासचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

२०. निसर्ग पाहायचा आहे. खिडकी कोणत्या कंपनीच्या गाडीत चांगली?

खिडक्या दोन्हीकडे चांगल्या आहेत, प्रश्न बाहेर काय आहे याचा आहे. बोलोन्या–फ्लॉरेन्स हा २००९ मध्ये सुरू झालेला अतिजलद मार्ग सुमारे ७८ किलोमीटरचा असून त्यातील ७३ किलोमीटरहून अधिक भाग बोगद्यांत आहे. तेथे टस्कनीच्या टेकड्या दिसतील या अपेक्षेने जादा पैसे भरू नयेत. त्यासाठी एखाद्या दुपारी सिएनाकडे जाणारी संथ प्रादेशिक गाडी घ्यावी.

आसन निवडताना आणखी एक बाब उपयोगी पडते. फ्लॉरेन्सचे सांता मारिया नोव्हेल्ला, रोमचे तेरमिनी आणि मिलानचे चेंत्राले ही सी.एस.एम.टी.प्रमाणे रूळ संपणारी स्थानके आहेत. तेथून पुढे जाणारी गाडी आल्या दिशेनेच बाहेर पडते, म्हणजे प्रवासाच्या दिशेला तोंड करून बसलेल्याची पाठ पुढच्या टप्प्यात इंजिनाकडे होते. उलट्या दिशेने बसल्यास मळमळणाऱ्यांनी समोरासमोरची चार आसने घ्यावीत, म्हणजे घरातल्या घरात जागा बदलता येते.

२१. तिकिटावर नाव कसे लिहावे? पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचेही नाव आहे.

तिकीट तपासनीस ओळखपत्र मागू शकतो, म्हणून पासपोर्टवरील नाव आणि आडनाव जसेच्या तसे लिहावे. पासपोर्टवर ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असेल, तर नावाच्या रकान्यात दोन्ही भरावीत आणि जागा अपुरी पडल्यास स्वतःचे नाव व आडनाव एवढे तरी अचूक असावे. लग्नानंतर पासपोर्ट बदललेला नसेल, तर जुन्याच आडनावाने तिकीट काढावे. आधार कार्डाचा तेथे उपयोग नाही.

२२. आपल्याकडे अशी स्पर्धा आहे का? गोव्याला जाताना वंदे भारत आणि तेजस यांत कंपनी निवडतो का आपण?

नाही. ठाणे आणि पनवेल येथे थांबणारी, जून २०२३ मध्ये सुरू झालेली मडगाव वंदे भारत असो किंवा कोकणात जाणारी तेजस असो, दोन्ही रेल्वेच्याच गाड्या आहेत आणि दोन्हींची तिकिटे एकाच व्यवस्थेतून निघतात. तेथे आपण गाडी निवडतो, कंपनी निवडत नाही. मुंबई–अहमदाबाद तेजस २०२० मध्ये आय.आर.सी.टी.सी.कडे चालवण्यास देण्यात आली आणि एक तासापेक्षा अधिक उशीर झाल्यास १०० रुपये, दोन तासांपेक्षा अधिक झाल्यास २५० रुपये भरपाईची योजना तिच्याबरोबर आली; ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. आय.आर.सी.टी.सी.लाही स्पर्धक कंपनी म्हणता येणार नाही, कारण ती रेल्वे मंत्रालयाच्याच अखत्यारीतील सार्वजनिक उपक्रम आहे. ही तेजस गाडी ठाण्याला येत नाही. ठाणेकरांना त्यासाठी बोरिवली किंवा मुंबई सेंट्रल गाठावे लागते.